पहिली स्टेज रॅली: गाडी उभी करण्यापासून शेवटच्या टाइम कंट्रोलपर्यंत

रॅलीत उतरायचं पक्कं झालं की नवा माणूस सगळ्यात आधी इंजिनाबद्दल विचारतो. किती सीसीचं घेऊ, ताकद कितपत वाढवू, टर्बो हवा का? माझं उत्तर ठरलेलं आहे: पहिलं वर्षभर इंजिनाला हात लावू नका. रॅली चालवायला शिकवतात ते स्पर्धेच्या वेगात स्टेजवर कापलेले किलोमीटर, दुसरं काही नाही. पहिल्याच स्टेजला तिसऱ्या वळणावर गाडी चरात गेली, की ते किलोमीटर त्या दिवसापुरते संपले. म्हणून प्रत्येक खर्चाला आणि प्रत्येक सुट्या भागाला एकच प्रश्न लावा: यामुळे मला स्टेजचे जास्त किलोमीटर मिळणार आहेत का? या प्रश्नावर टिकणाऱ्या गोष्टी आधी करा, बाकीच्या थांबू शकतात. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

आधी खेळ समजून घ्या

स्टेज रॅलीत दोन प्रकारचे रस्ते असतात. वाहतुकीसाठी पूर्ण बंद केलेला रस्ता म्हणजे स्पेशल स्टेज. तिथे एकेक गाडी ठरावीक अंतराने सुटते आणि घड्याळाशी झुंजते. एका स्टेजवरून दुसऱ्या स्टेजकडे जाणारा रस्ता मात्र सगळ्यांसाठी खुला असतो. त्यावर वाहतुकीचे सगळे नियम लागू असतात, आणि ते मोडले तर दंड किंवा बाद होण्यापर्यंत वेळ येते. म्हणजे तुमची गाडी रस्त्यावर चालवायला कायदेशीर असली पाहिजे: दिवे, इंडिकेटर, हॉर्न, विमा, सगळं.

टीएसडी (टाइम-स्पीड-डिस्टन्स) रॅली हा वेगळा प्रकार. त्यात दिलेल्या सरासरी वेगाने, अचूक वेळेत अंतर कापायचं असतं. साधी गाडी चालते, रोल केज (गाडी उलटली तरी आतल्यांना वाचवणारा नळ्यांचा पिंजरा) लागत नाही. वेळेची शिस्त, रोडबुक (मार्गाची पुस्तिका) वाचणं, ट्रिपमीटर (कापलेलं अंतर मोजणारं यंत्र) सांभाळणं हे सगळं तिथे कमी खर्चात शिकता येतं. नेव्हिगेटर, म्हणजे शेजारी बसून रस्ता सांगणारा, म्हणून उतरायचं असेल, तर दोन-तीन टीएसडी करूनच स्टेज रॅलीकडे या, असं मी आग्रहाने सांगेन.

आणि गाडी घेण्याआधी एका रॅलीत मार्शल म्हणून काम करा. आयोजकांना स्वयंसेवक नेहमीच हवे असतात. एखाद्या वळणावर दिवसभर उभं राहिलं की कोण कुठे ब्रेक मारतो, दुसऱ्या फेरीत रस्ता कसा उखडतो, गाडी बाहेर गेली की काय करावं लागतं, हे समोर दिसतं. सर्व्हिस पार्कमध्ये, म्हणजे स्टेजच्या मधे गाड्या दुरुस्त होतात तिथे, एखाद्या टीमला पाने उचलून द्यायला मिळाले तर आणखी उत्तम.

लायसन्स तुमच्या देशातल्या मान्यताप्राप्त मोटरस्पोर्ट संस्थेकडून मिळतं. या संस्था एफआयएला, म्हणजे मोटरस्पोर्टच्या जागतिक संघटनेला, जोडलेल्या असतात. ड्रायव्हर आणि नेव्हिगेटर दोघांनाही लायसन्स लागतं, वैद्यकीय तपासणी लागू शकते, काही ठिकाणी प्रशिक्षणही. ज्या वर्षी उतरणार त्याच वर्षाचं नियमपुस्तक घ्या आणि पेन्सिल घेऊन वाचा. खाली मी जे आकडे देतो आहे ते एफआयएच्या नियमांतले आहेत. स्थानिक स्पर्धेचे नियम थोडे वेगळे असू शकतात, आणि स्क्रूटिनीच्या (स्पर्धेआधीच्या तपासणीच्या) टेबलावर तेच चालतात.

गाडी कोणती

लहान, हलकी, पुढच्या चाकांवर चालणारी, टर्बो नसलेली आणि भरपूर खपलेली गाडी घ्या. 'भरपूर खपलेली' हा यातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द. रॅलीत ड्राइव्हशाफ्ट तुटतात, कंट्रोल आर्म वाकतात, रेडिएटर फुटतात. हे भाग जुन्या बाजारात सहज मिळाले तर पुढच्या रॅलीला गाडी उभी राहते. दुर्मीळ आणि देखण्या गाडीवर जीव जडतो खरा, पण एका हबसाठी दोन महिने वाट पाहिली तर त्या हंगामात शिकणं तिथेच थांबतं.

पुढच्या चाकांची गाडी चूक माफ करते आणि सवयी चांगल्या लावते. ताकद कमी असल्यामुळे वेग टिकवायला शिकावं लागतं. एकदा गमावलेला वेग अशा इंजिनाने पटकन परत येत नाही.

कुणीतरी आधी बांधलेली रॅलीची गाडी मिळत असेल तर तिचा गंभीरपणे विचार करा. शून्यापासून बांधलेली गाडी जवळजवळ नेहमी महाग पडते. मात्र बघताना इंजिन सुरू करायच्या आधी गाडीखाली झोपा. पत्र्याला गंज कुठे आहे, सस्पेन्शनच्या माउंटिंगपाशी भेगा आहेत का, केजचे पाय जिथे टेकतात तिथला पत्रा शाबूत आहे का, ते पाहा. केजचं प्रमाणपत्र मागा. सीट आणि हार्नेसवरची (शर्यतीच्या सीटबेल्टवरची) लेबलं वाचा. मुदत संपलेली असेल तर तो खर्च किमतीतून वजा करूनच बोला. थकलेलं इंजिन बदलता येतं, पण सडलेल्या पत्र्यावर खर्च केलेला पैसा वाया जातो.

केज आणि आतलं सगळं

इथे काटकसर नको. रोल केजसाठी एफआयएच्या नियमावलीत थंड ओढलेली, सांधा नसलेली कार्बन स्टीलची नळी लागते, तिची ताणशक्ती किमान ३५० मेगापास्कल. मुख्य हूप (सीटमागची मोठी कमान) ४५ × २.५ किंवा ५० × २.० मिलिमीटर, बाकीचे बहुतेक भाग ३८ × २.५ किंवा ४० × २.० मिलिमीटर. केजचा पाय जिथे बॉडीला बोल्टने जोडला जातो, तिथे किमान ३ मिलिमीटर जाडीची आणि १२० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाची पट्टी लागते, आणि ८.८ ग्रेडचे किमान तीन एम८ बोल्ट. हे आकडे इतके काटेकोर का, ते समजून घ्या. गाडी उलटते तेव्हा नळी तुटण्याआधी तिच्या पायाखालचा पातळ पत्रा फाटून नळी आरपार जाऊ शकते. पट्टी तो भार पसरवते.

केज बनवणारा माणूस रॅलीच्या गाड्या करणारा हवा. फाटकं-जिने करणारा वेल्डर कितीही सफाईदार असला तरी हे काम त्याचं नाही. नळीच्या पूर्ण घेरावर वेल्ड हवा, टपाकडच्या बाजूलासुद्धा, जिथे हात पोचत नाही. नेमकं तिथेच काम अर्धवट राहतं. आरसा आणि टॉर्च घेऊन स्वतः तपासा. हेल्मेट जिथे नळीला लागू शकतं तिथे मान्यताप्राप्त कडक पॅडिंग लावा. पाइपवर गुंडाळायचा मऊ फोम तिथे उपयोगाचा नाही, कारण तो धक्का शोषायच्या आधीच पूर्ण दबतो.

सीट आणि हार्नेसला एफआयएचं लेबल आणि मुदत असते. कापड उन्हाने आणि वापराने कमकुवत होतं आणि ते डोळ्याला दिसत नाही, म्हणून मुदत पाळायची. हार्नेस बसवताना खांद्याचे पट्टे सीटच्या वरच्या कडेपासून मागे आडव्या रेषेच्या जवळपास जायला हवेत. नियम ४५ अंशांपर्यंत उतार चालवून घेतो, पण शिफारस १० अंशांच्या आतली आहे. पट्टा फार खाली उतरला तर आपटल्यावर तो मणका खाली दाबतो. कमरेचा पट्टा ओटीपोटावर नको, कमरेच्या हाडावर बसला पाहिजे. बांधतानाही क्रम पाळा: आधी कमरेचा पट्टा घट्ट, मग खांद्याचे.

हेल्मेट मोटरस्पोर्टचं घ्या. मोटारसायकलच्या हेल्मेटला आगीची चाचणी नसते. हॅन्स उपकरण हवंच. अमेरिकेतले बायोमेकॅनिक्सचे प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड आणि त्यांचे मेहुणे, शर्यतपटू जिम डाउनिंग, यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ते घडवलं. समोरून आदळल्यावर शरीर हार्नेसमध्ये थांबतं आणि डोकं पुढे जात राहतं. तो ताण कवटीच्या तळाशी येतो आणि तिथलं हाड मोडू शकतं. हॅन्स डोक्याला खांद्याशी बांधून ठेवतं. सूट, आतले आगरोधक कपडे, बालाक्लावा (हेल्मेटखालची डोकं-चेहरा झाकणारी टोपी), बूट हे दोघांनाही लागतात. सूट जरा ढगळ घ्या, आतली हवासुद्धा उष्णता अडवते.

हाताने वापरायचा अग्निशामक किमान २ किलो पावडरचा, आणि त्याची पकड २५ जी (गुरुत्वाकर्षणाच्या २५ पट) इतका झटका सोसणारी. पातळ पत्र्याच्या क्लिपमधून सुटलेला सिलिंडर अपघातात केबिनमध्ये उडतो. किल स्विच (इंजिन आणि सगळी वीज बंद करणारा) दोघांनाही हार्नेस बांधलेल्या अवस्थेत गाठता यायला हवा आणि बाहेरूनही ओढता यायला हवा. बाहेर निळ्या त्रिकोणात लाल वीज अशी खूण, अग्निशामकाच्या खेचणीजवळ पांढऱ्या वर्तुळात लाल 'ई'. पट्टा कापायचे दोन कटर. हे सगळं बसवून झालं की दोघांनी पूर्ण पोशाखात, पट्टे आवळून बसा आणि डोळे मिटून स्विच, कटर आणि दाराची कडी शोधा. मग गाडीतून बाहेर पडण्याचा सराव घड्याळ लावून करा. हॅन्स आणि इंटरकॉमची वायर दाराच्या चौकटीत अडकते, हे घरीच कळलेलं बरं.

खाली, मागे, चाकांत

खडीच्या रस्त्यासाठी गाडीचं पोट वाचवणं हे पहिलं काम. इंजिनाखाली जाड सम्प गार्ड, ब्रेक आणि इंधनाच्या नळ्या एक तर केबिनच्या आतून किंवा नीट कवच घालून, इंधन टाकीला संरक्षण, आणि टाकी व केबिन यांच्यात गळतीला वाव न देणारी भिंत. बॅटरी, जॅक, स्टेपनी, पाना, पाण्याची बाटली, काहीही सैल राहता कामा नये.

त्यानंतर हातात जे पैसे उरतील ते शॉकअपवर घाला. मी हे ठामपणे सांगतो, कारण चांगले शॉकअप गाडीला वेग तर देतातच, पण गाडी टिकवतातही. खड्ड्यातून गेल्यावर चाक परत जमिनीवर टेकलं तरच ब्रेक लागतो आणि स्टिअरिंग ऐकतं. स्वस्तात नुसत्या कडक स्प्रिंगा घातल्या तर चाकं हवेत राहतात आणि सगळा मार माउंटिंग खातं.

ब्रेक पॅड जास्त तापमान सोसणारे घ्या आणि ऑइल ताजं ठेवा. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ४ या दर्जाच्या ऑइलचा किमान उत्कलनबिंदू कोरडं असताना २३० अंश सेल्सिअस, ओल धरल्यावर १५५. डॉट ५.१ साठी तेच आकडे २६० आणि १८०. म्हणजे जुनं ऑइल लांब उतारावर उकळतं, नळीत वाफ होते आणि पेडल जमिनीला टेकतं. प्रत्येक रॅलीआधी पूर्ण बदला, हा खर्च नगण्य आहे. नाव जवळचं असलं तरी डॉट ५ हे सिलिकॉनचं वेगळं ऑइल आहे, ते यात मिसळायचं नाही.

टायर रस्त्याच्या जातीचे हवेत. डांबरी टायरवर खडीची स्टेज करू नका, बाजूची भिंत फाटते. दोन स्टेपन्यांची परवानगी आणि जागा असेल तर दोन घ्या. इंजिनासाठी पहिल्या वर्षी एवढंच: नवे बेल्ट, नवे होज, चांगला रेडिएटर, स्वच्छ ऑइल, धूळ अडवणारा एअर फिल्टर आणि मजबूत माउंटिंग.

गाडी तयार झाली की थेट रॅलीला नेऊ नका. बंद जागेत किंवा परवानगी असलेल्या ट्रॅकवर दिवसभर चालवा, मग परत खाली झोपून प्रत्येक नटबोल्टला पाना लावा. नव्या गाडीत काहीतरी सैल होतंच.

शेजारचा माणूस

मिशेल मूटॉन आणि फॅब्रिझिया पॉन्स यांनी १९८१मध्ये सान्रेमो रॅली जिंकली. जागतिक रॅली स्पर्धेची फेरी जिंकणारी मूटॉन पहिली महिला ड्रायव्हर. या जोडीतलं दुसरं नाव फार कमी लोकांना आठवतं, आणि नेव्हिगेटरच्या कामाबद्दल बाहेरच्या जगाची समजही तेवढीच असते. रॅलीत वेळापत्रक, टाइम कार्ड (वेळा नोंदवायचा कागद), नोट्स, इंधनाचा हिशेब, सर्व्हिसला काय सांगायचं, हे सगळं नेव्हिगेटर चालवतो. जो मित्र हिंडायला येतो तो नको. आकडे नेमके सांभाळणारा, खाली बघून वाचताना मळमळ न होणारा आणि तुम्ही चिडलात तरी आवाज न चढवणारा माणूस शोधा. जमल्यास पहिल्या रॅलीत तुमच्यापेक्षा अनुभवी नेव्हिगेटर घ्या. पहिल्या वर्षी याहून मोठा फायदा कोणत्याही सुट्या भागाने होणार नाही.

नोट्स म्हणजे रस्त्याचं शब्दांत केलेलं चित्र. १९५५च्या मिल्ले मिलियामध्ये पत्रकार डेनिस जेंकिन्सन याने सुमारे १००० मैलांचा रस्ता कागदाच्या लांब गुंडाळीवर लिहून घेतला होता आणि उघड्या गाडीच्या आवाजात तो हाताच्या खुणांनी स्टर्लिंग मॉसला सांगत राहिला. दोघांनी १० तास ७ मिनिटं ४८ सेकंदांत ती शर्यत जिंकली. आज इंटरकॉम आहे, पण काम तेच.

सर्वसाधारण पद्धतीत वळणाला १ ते ६ आकडे देतात: १ सगळ्यात आवळलेलं, ६ जवळजवळ सरळ. काही जण उलटं मोजतात. कोणतीही पद्धत घ्या, पण एकदा ठरली की बदलू नका. आकडा वळणाच्या आकाराला द्या, वेगाला नाही. वेग पावसावर, टायरवर, तुमच्या धीरावर बदलतो, वळणाचा आकार बदलत नाही. नोट अशी असते:

'शंभर, लेफ्ट फाइव्ह, इंटू राइट थ्री टाइटन्स, डोन्ट कट.'

म्हणजे १०० मीटर सरळ, मग सौम्य डावं, त्याला लागूनच मध्यम उजवं, ते पुढे आवळत जातं, आणि आतल्या कडेला दगड किंवा चर आहे, तिथून गाडी घालू नका. नवखे लोक नोट्स लांबवतात. प्रत्येक झाड लिहायची गरज नाही. आवळणारं वळण, माथ्यापलीकडे न दिसणारं वळण, ब्रेकच्या जागी असलेला खड्डा, पूल, गेट, या गोष्टी चुकता कामा नयेत. धोक्याला एक, दोन किंवा तीन उद्गारचिन्हं द्या. तीन उद्गारचिन्हं क्वचितच द्या, म्हणजे ऐकल्यावर पाय आपोआप ब्रेकवर जाईल.

वेळ साधणं ही नेव्हिगेटरची खरी कला. ताशी ९० किलोमीटरला गाडी सेकंदाला २५ मीटर जाते. १०० मीटरची सरळ रेघ म्हणजे चार सेकंद. एवढ्यात पुढचं वळण वाचून, ऐकून, समजून ब्रेक मारायचा असतो. म्हणून एका वळणात असतानाच पुढचं कानावर आलं पाहिजे. फार आधी आलं तर ड्रायव्हर विसरतो. तुम्ही ऐकलंत की नाही हे नेव्हिगेटरला कळायला हवं, तेव्हा एखादी नोट चुकली की लगेच 'परत' म्हणा, आणि समजेपर्यंत वेग उतरवा.

रेकीला, म्हणजे स्पर्धेआधी स्टेज पाहून नोट्स लिहायला, साधारण दोन फेऱ्या मिळतात, वेगमर्यादेत, साध्या गाडीतून. पहिल्या फेरीत ड्रायव्हर बोलतो, नेव्हिगेटर लिहितो. दुसऱ्या फेरीत नेव्हिगेटर वाचतो, ड्रायव्हर तपासतो. रेकीत वेगमर्यादा मोडू नका. रस्ता तेव्हा खुला असतो, आणि त्याच गावातल्या लोकांच्या परवानगीवर पुढच्या वर्षीची रॅली उभी असते. संध्याकाळी खोलीत बसून नोट्स स्वच्छ उतरवून घ्या. व्हिडिओ काढला असेल तर तो बघत एकदा मोठ्याने वाचा.

स्पर्धेचे दिवस

स्क्रूटिनीला धुतलेली गाडी न्या. कागद एका फाइलमध्ये, हेल्मेट-सूट-हॅन्स एका पिशवीत. तपासणारे लोक तुमच्या बाजूचे असतात. त्यांनी काही दाखवलं तर वाद न घालता दुरुस्त करून परत या.

टाइम कंट्रोलचं, म्हणजे ठरलेल्या मिनिटाला हजेरी लावायच्या चौकीचं, गणित पहिल्यांदा उतरणाऱ्या अनेकांना गोंधळात पाडतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. समजा स्टेजची तुमची सुरुवात १० वाजून १४ मिनिटांनी झाली आणि पुढच्या कंट्रोलसाठी ५२ मिनिटं दिली आहेत. तुमची वेळ ११ वाजून ६ मिनिटं. कंट्रोलच्या अलीकडे घड्याळाचं चित्र असलेली पिवळी पाटी असते, आणि प्रत्यक्ष टेबलापाशी लाल. पिवळ्या पाटीच्या आत ११:०५च्या आधी जायचं नाही. टाइम कार्ड ११:०६:०० ते ११:०६:५९ या एका मिनिटात हातात द्यायचं. उशीर झाला तर दर मिनिटाला १० सेकंद दंड, लवकर दिलं तर दर मिनिटाला पूर्ण १ मिनिट. म्हणजे तीन मिनिटं उशिरा आलात तर ३० सेकंद गेले, आणि घाईत एक मिनिट आधी दिलंत तर ६०. पिवळ्या पाटीच्या अलीकडे थांबा, घड्याळ अधिकृत वेळेशी लावलेलं असू द्या, आणि मार्शलने लिहिलेला आकडा तिथेच वाचून घ्या. चूक असेल तर नम्रपणे त्याच क्षणी सांगा. एकूण उशीर ठरावीक मर्यादेपलीकडे गेला तर गाडी बाद होते, त्यामुळे दुरुस्ती करत बसताना नेव्हिगेटरची नजर घड्याळावर हवी.

स्टार्टला मार्शल ३०, १५, १० सेकंद सांगतो आणि शेवटची पाच मोजतो. त्याआधी हार्नेस, खिडक्या, दिवे, ट्रिपमीटर शून्यावर. पहिली नोट नेव्हिगेटरने सुटण्याआधी वाचलेली हवी. धुळीचा रस्ता असेल आणि धूळ हवेत तरंगत असेल, तर गाड्यांमध्ये दोन मिनिटांचं अंतर मिळतं का ते बघा.

पहिल्या रॅलीत ब्रेक सरळ रेषेत संपवा, मग वळा, नजर वळणाच्या शेवटावर. डाव्या पायाने ब्रेक, हॅन्डब्रेकने गाडी फिरवणं, वळणाआधी उलटा झोका देणं हे सगळं पुढे येईल, आणि त्याचा सराव मोकळ्या मैदानात करायचा. स्टेजवर फक्त एक सवय लावा: नोट जेवढी सांगते तेवढाच वेग. दिसतंय सोपं म्हणून नोटपेक्षा जास्त नाही. चुकून वळणात जोरात शिरलात आणि गाडी पुढे सरकायला लागली, तर स्टिअरिंग आणखी पिळू नका. थोडं सरळ करा, पकड परत येऊ द्या, मग वळवा.

त्याच स्टेजची दुसरी फेरी म्हणजे वेगळा रस्ता समजा. पुढच्या गाड्यांनी आतली कड कापून दगड रस्त्यावर ओढलेले असतात, चर खोल झालेले असतात. पहिल्या फेरीनंतर दोन मिनिटं काढून नोट्समध्ये हे बदल लिहा.

शेवटी चौकट्यांची पिवळी पाटी येते, मग लाल चौकट्यांची. तिथे वेळ थांबते, गाडी नाही. पूर्ण वेगात ती ओलांडा आणि पुढच्या लाल स्टॉप पाटीपाशीच थांबा. पिवळी पाटी आणि स्टॉप यांच्यामध्ये कुठेही थांबायचं नाही, मागून गाडी येत असते.

गाडी बाहेर गेली तर

हा भाग दोघांनी तोंडपाठ करा. किल स्विच. एकमेकांना विचारा: ठीक आहेस? दोघंही ठीक असाल तर मागून येणाऱ्या गाड्यांना हिरवी 'ओके' पाटी दाखवा. वैद्यकीय मदत हवी असेल तर लाल 'एसओएस', शक्यतो लगेच. लाल त्रिकोण गाडीच्या किमान ५० मीटर आधी, रस्त्याच्या त्याच बाजूला. मग रस्त्यापासून लांब, येणाऱ्या गाड्यांच्या दिशेला, उंचावर उभे राहा. गाडीच्या पुढे किंवा वळणाच्या बाहेरच्या बाजूला कधीही नाही, कारण तुम्ही जिथे घसरलात तिथेच दुसरी गाडी घसरण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते.

आणि तुम्हाला लाल 'एसओएस' दिसली, किंवा मोठा अपघात दिसला आणि ओके पाटी दिसली नाही, तर थांबायचं. हा नियम आहे. थांबल्यामुळे गेलेल्या वेळेचा आयोजक विचार करतात. आपल्या जागी कुणीतरी थांबेल, असा भरवसा धरूनच आपण सगळे स्टेजवर जातो.

सर्व्हिस

सर्व्हिसला बहुतेक वेळा २० ते ३० मिनिटं मिळतात. गाडीखाली ताडपत्री, जॅकनंतर लगेच स्टँड, आणि स्टँडशिवाय कुणीही गाडीखाली जायचं नाही. कामाची यादी स्टेजवरून येतानाच नेव्हिगेटरने फोनवर सांगितलेली असावी. चाकांचे नट टॉर्क पान्याने आवळा आणि पुढच्या स्टेजआधी पुन्हा एकदा बघा. मग नळ्यांची गळती, शॉकअप, ड्राइव्हशाफ्टचे बूट, सम्प गार्डचे बोल्ट, टायर. दुरुस्त करण्यासारखं काही नसेल तर हात आवरा, चालत्या गोष्टीला उगाच खोलू नका. इंधन फक्त ठरवून दिलेल्या जागी, इंजिन बंद, हार्नेस सोडलेला.

गाडीतही थोडं सामान असू द्या: जॅक, पाना, बेल्ट, होज आणि क्लिप, केबल टाय, टेप, तार, ओढायचा दोर, रॅचेटचा पट्टा, दोघांसाठी पाणी. वाकलेला कंट्रोल आर्म रॅचेटच्या पट्ट्याने जागेवर खेचून सर्व्हिसपर्यंत आलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

घरी आल्यावर

दोन दिवस झाकून ठेवायचा मोह होतो. त्याआधी गाडी धुवा, कारण चिखलाखाली भेगा दिसत नाहीत. केजच्या पायांचे वेल्ड, सस्पेन्शनची माउंटिंगं, सबफ्रेम, सीटचे ब्रॅकेट टॉर्च घेऊन बघा. ड्राइव्हशाफ्ट आणि बेअरिंग हाताने हलवून पाहा. रॅलीत दुरुस्त केलेली प्रत्येक गोष्ट एका वहीत तारखेसह लिहा. तीन-चार रॅलींनंतर कोणता भाग किती टिकतो हे त्या वहीतून कळायला लागतं आणि तो तुटायच्या आधी बदलता येतो. गाडीतला व्हिडिओ नेव्हिगेटरबरोबर बसून बघा, नोट आणि प्रत्यक्ष वेग जिथे जुळले नाहीत तिथे थांबा आणि आकडा मोठा होता की धीर कमी पडला हे ठरवा.

गाडी जोरात आदळली असेल तर हार्नेस आणि हेल्मेट बदला, दिसायला नवे असले तरी. केजची वाकलेली नळी गरम करून सरळ करू नका. ती कापून नवी लावायची, आणि लावल्यावर केज पुन्हा तपासून प्रमाणित करून घ्यायचा. त्यानंतरच पुढची एन्ट्री भरा.